काळजीला वेळ ठरवून द्या

जुलै लागला की कोल्हापुरात रोज सकाळी एकच प्रश्न ऐकू येतो, पाणी कितीवर आलं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. त्यामुळे सुतारवाडा, शुक्रवार पेठ, चिखली, आंबेवाडी इथल्या घरांत सलग तीन दिवस पाऊस लागून राहिला की कुणाला नीट झोप लागत नाही. त्याच सुमारास मोबाईलवर दुसऱ्या एका प्रकारच्या संदेशांचाही पाऊस सुरू होतो. 'घाबरू नका, पॉझिटिव्ह राहा, जे होतं ते चांगल्यासाठीच.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. वाचणाऱ्याच्या जिवाचा घोर मात्र तसूभरही हलत नाही, उलट आपल्याला सकारात्मक राहणंसुद्धा जमत नाही याची एक नवी टोचणी लागते.

हे पुरापुरतं नाही. दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की शाळांत, वर्षअखेरीला पतसंस्थांत, अपघात वाढले की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत 'सकारात्मक विचारांची शक्ती' या विषयावर व्याख्यान ठेवलं जातं. दीड तास टाळ्या पडतात, हार-तुरे होतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस होता तिथंच असतो. आमचं म्हणणं असं की हा सगळा खर्च चुकीच्या जागी होतो आहे. काळजीतून बाहेर पडायला आधी लक्ष एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता यावं लागतं. हे कौशल्य आहे, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि ते सायकल शिकवावी तसं शिकवता येतं. चांगला विचार त्यानंतर येतो आणि तेव्हाच टिकतो. शाळा, तालीम, ग्रामपंचायत, कारखाना यांनी शिकवायचं तर हे शिकवावं.

'विचारच करू नको' या सल्ल्याचं काय होतं, ते १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठात तपासलं होतं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं आणि अस्वल आलंच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. त्याहून महत्त्वाचं पुढं घडलं. नंतर याच मुलांना अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा त्यांच्या मनात ते अस्वल जास्त वेळा आलं. सुरुवातीपासूनच मुभा असलेल्या मुलांपेक्षाही जास्त. दाबलेला विचार उसळी मारतो, हा भाग अनेकांनी ऐकलेला असतो. त्याच कामातला दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. एका गटाला पर्याय दिला होता, की अस्वल आलंच तर लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. या गटात उसळी कमी दिसली. मनाला 'तिकडं जाऊ नको' एवढंच सांगितलं तर ते जात राहतं. 'इकडं ये' म्हणून एक ठरलेली जागा दाखवली तर त्याला वळणं जमतं. जागा एकच हवी आणि आधीच ठरलेली हवी. ऐनवेळी 'काहीतरी चांगलं आठवू' म्हटलं की मन दहा ठिकाणी फिरतं आणि शेवटी जुन्याच जागी येऊन बसतं.

काळजीची खोड अशी की ती काम केल्यासारखी वाटते. 'पाणी आलं तर? बिल वेळेत नाही निघालं तर? पोराला गुण कमी पडले तर?' अशी 'तर'ची साखळी फिरत राहते आणि माणसाला वाटतं, आपण तयारीच करतोय. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या थॉमस बोर्कोवेक यांनी आयुष्यभर काळजीचाच अभ्यास केला. काळजी बहुतेक शब्दांत चालते, चित्रांत नाही, आणि शब्दांत गुंतल्यामुळे भीतीचं खरं चित्र काही काळ दूर राहतं, असं त्यांनी दाखवलं. तेवढ्या दिलाशासाठी मन पुन्हा पुन्हा काळजीकडं वळतं. त्यात आणखी एक फसगत होते. भीती वाटली ती गोष्ट बहुतेक वेळा घडतच नाही. मग मन हिशेब मांडतं, की मी काळजी केली म्हणून वाचलो. त्याच विद्यापीठातल्या एका अभ्यासात सतत काळजी करण्याचा विकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि महिनाभर पडताळल्या. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या झाल्या नाहीत. अभ्यास छोटा आहे, पण करून बघण्याजोगा नक्कीच. लिहून न ठेवलेली काळजी कधीच खोटी ठरत नाही, कारण महिन्याभरानं ती कुणाला आठवतही नाही.

आता सकारात्मक विचाराकडं येऊ. गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये थॉमस वॉडन यांच्यासोबत वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा वर्षभर मागोवा घेतला. ज्यांची भविष्याची स्वप्नं सगळ्यात गुलाबी होती, त्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे ११ किलोनं कमी घटलं. याउलट 'आपल्याला जमेल' अशी साधी, अनुभवावर उभी असलेली अपेक्षा असलेल्यांचं जास्त घटलं. स्वप्नरंजनात मन आधीच शेवटच्या ठिकाणी पोचतं आणि चालायची गरजच उरत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वूड यांनी २००९ मध्ये दाखवलं, की ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळात डळमळीत आहे, त्यांनी 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं वाक्य घोकलं तर त्यांना आणखी वाईट वाटतं. आतून 'खोटं आहे' असा आवाज उठतो. म्हणजे सकारात्मक वाक्यांची ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे असं आपण समजतो, त्यांनाच ती बाधतात. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला 'बोल, मी यशस्वी होणारच' असं सगळ्यांसमोर ओरडायला लावणाऱ्या वक्त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुराच्या बाबतीत गुलाबी विचाराची किंमत कोल्हापुरानं मोजलेली आहे. २०१९ मध्ये अनेक घरांनी २००५ च्या पुराची खूण हीच शेवटची धरली होती. 'तेव्हा पायरीपर्यंतच आलं होतं, यंदाही तिथंच थांबेल' हा विचार सकारात्मकच होता. पाणी थांबलं नाही. सामान वरच्या मजल्यावर नेलेलं नव्हतं, कागदपत्रं खालच्या कपाटात होती.

मग करायचं काय? पहिली पायरी, काळजीला वेळ ठरवून देणं. बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास फक्त काळजी करायची, आणि बाकीच्या वेळी काळजी आली की ती त्या वेळेवर ढकलायची. प्रयोग चार आठवड्यांचा होता आणि काळजीत घालवलेला वेळ कमी झाला. आपल्या घरांत अर्धा तास निवांत मिळणं अवघड, वीस मिनिटंही चालतात. मात्र वेळ झोपेच्या निदान दोन-तीन तास आधीची हवी, समजा संध्याकाळी साडेसहाची. जागा अंथरुणाची नको आणि जेवायचीही नको. एक खुर्ची, गच्चीचा कट्टा, दुकानामागची खोली, काहीही चालेल, पण रोज तीच. जागा बदलत राहिली तर सगळं घरच काळजीची जागा होऊन बसतं.

दिवसभर एक छोटी वही खिशात ठेवायची. काळजी आली की तिची वेळ आणि दोन-तीन शब्द लिहायचे. '३.१०, पोराची फी.' '५.००, आईची साखर.' पूर्ण वाक्य लिहायचं नाही, कारण वाक्य सुरू झालं की साखळी सुरू होते. मग स्वतःला एवढंच म्हणायचं, 'साडेसहाला बघू', आणि हातातल्या कामावर परत यायचं. पाच मिनिटांत तीच काळजी पुन्हा येईल. पुन्हा खूण करायची आणि परतायचं. अनेक जण इथंच पद्धत सोडून देतात, 'माझं मन काही ऐकत नाही' म्हणतात. पण मन भरकटलं हे कळणं आणि परत येणं, हाच तर व्यायाम आहे. दिवसातून कितीही वेळा परतावं लागलं, तरी तेवढे जोर मारून झाले असं समजावं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात.

ठरलेल्या वेळी वही उघडायची. यादीतल्या काही गोष्टी तोवर आपोआप मेलेल्या असतात, त्या खोडायच्या. उरलेल्या दोन रकान्यांत घालायच्या, माझ्या हाताशी असलेल्या आणि हाताबाहेरच्या. हाताशी असलेल्या प्रत्येक गोष्टीपुढं चोवीस तासांत करता येईल असं एकच काम लिहायचं, आणि त्यात क्रिया, माणूस आणि वेळ तिन्ही यायला हवं. 'फीचं बघायचं' हे काम नव्हे. 'उद्या साडेदहाला शाळेच्या क्लार्कना भेटून दोन हप्त्यांचा अर्ज द्यायचा' हे काम. हाताबाहेरच्या गोष्टीपुढं 'जर असं झालं, तर मी हे करेन' असं एक वाक्य लिहायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा 'जर-तर' योजनांवर मोठं काम केलं आहे. नुसत्या इराद्यापेक्षा या योजना जास्त पार पडतात, कारण वेळ आल्यावर नव्यानं ठरवावं लागत नाही. काळजीतही 'जर' असतोच, फक्त त्याच्यापुढचा 'तर' प्रश्नचिन्हावर थांबतो. तिथं उत्तर भरायचं, एवढंच काम आहे. वीस मिनिटांचा गजर वाजला की वही मिटायची आणि उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी.

ही पद्धत बिघडते ती काही ठरावीक जागी. पहिली म्हणजे वहीऐवजी मोबाईल. नोंद करायला मोबाईल उघडला की ग्रुपवरचे सतरा संदेश दिसतात आणि एका काळजीच्या चार होतात. कागदच वापरावा. दुसरी, बऱ्या दिवशी काळजीची ही ठरलेली बैठक चुकवणं. काळजी नसेल तरी ठरलेल्या जागी पाच मिनिटं बसावं, नाहीतर 'साडेसहाला बघू' या शब्दावरचा मनाचा विश्वास उडतो आणि ढकललेली काळजी थांबत नाही. तिसरी, घरातली माणसं. बैठकीत लिहीत असताना 'काय झालं, सांग ना' म्हणून कुणी शेजारी येऊन बसलं की वीस मिनिटांची तासभर चर्चा होते. घरच्यांना आधी सांगून ठेवावं. चौथी जरा नाजूक आहे. काही जण या वेळात प्रत्येक प्रश्न सोडवायलाच बसतात. दहा वर्षं चाललेला जमिनीचा दावा वीस मिनिटांत सुटत नाही. पुढचं एक काम ठरलं की त्या दिवसापुरतं पुरे.

झोपायच्या वेळी मनात कामांचा गोंधळ असेल तर वेगळा उपाय आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशिलाची, तितकी झोप लवकर. ही यादी म्हणजे काळजीची बैठक नव्हे. रात्री फक्त कामं लिहायची, 'जर-तर' नाही.

आता लक्ष नेऊन ठेवायची जागा. वही मिटून माणूस मोबाईलवर रील बघायला लागला तर काही साधत नाही. बोट सरकत राहतं, डोळे बघत राहतात आणि मन मोकळंच राहतं. हात गुंतले पाहिजेत, डोळ्यांना काम हवं आणि थोड्या वेळात काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे, असं काम निवडावं. गोठा झाडणं, सायकलची चेन साफ करणं, भाजी निवडणं, पोराला गणित शिकवणं, पेटीवर एखादं गाणं बसवणं. यात एक मेख आहे. रोजची सवय झालेलं काम हात आपोआप करतात आणि मन पुन्हा फिरायला मोकळं होतं. वीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला भाकरी थापताना सगळ्या जगाची काळजी करता येते. अशा वेळी त्याच कामात मोजणी घालावी किंवा मोठ्यानं बोलावं.

या बाबतीत कोल्हापूर श्रीमंत आहे, फक्त आपण त्याकडं या नजरेनं बघत नाही. आपल्या पेठापेठांत तालमी आहेत. लाल मातीत जोर-बैठका मोजून मारताना, समोरच्या गड्याची पकड कुठून येतेय हे बघताना लक्ष दुसरीकडं ठेवायची सोयच नसते. शरीर थकतं, झोप येते, चार माणसं भेटतात. रंकाळ्याभोवती सकाळी चालणारे शेकडो लोक आहेत, पण त्यातले अर्धे कानाला मोबाईल लावून कर्जाचं बोलत चालतात. चालताना लक्ष पावलांवर किंवा आसपास दिसणाऱ्या गोष्टींवर ठेवायचं ठरवलं, तर त्याच अर्ध्या तासाचं मोल वेगळं होतं.

नामस्मरणही याच जागी बसतं, आणि हे आम्ही आदरानं सांगतो. अंबाबाईच्या किंवा जोतिबाच्या नावाची १०८ मण्यांची माळ ओढताना बोट, जीभ आणि मोजणी तिन्ही गुंतलेली असतात, मन भरकटलं की मणी त्याला परत आणतो. शेकडो वर्षांपासून लोकांनी लक्ष वळवायचं हे साधन जपलं आहे. पण माळ हातात आणि मनात 'आई, पाणी येऊ देऊ नको, पोराला नापास होऊ देऊ नको' असं चाललं असेल, तर ती काळजीच आहे, फक्त ती देवासमोर बसली आहे. मागणं मागायचं तर एकदा, सुरुवातीला मागावं आणि मग नुसतं नाम घ्यावं.

छातीत धडधड, हाताला घाम असं असेल तर आधी शरीर शांत करावं लागतं. नाकानं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. इथं होणारी चूक म्हणजे जोर लावून खोल श्वास घेणं. त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास हळू हवा, मोठा नको.

एवढं सगळं बसल्यावर चांगल्या गोष्टींकडं लक्ष न्यायचा सराव उपयोगी पडतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेला सराव साधा आहे. एक आठवडा रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढं ती का झाली हे लिहायचं. त्याचा परिणाम काही महिने टिकलेला दिसला. लोक इथं 'का' गाळतात आणि रोज 'कुटुंब, आरोग्य, देवाची कृपा' असं लिहीत राहतात. चौथ्या दिवशी त्यातला जीव गेलेला असतो. 'शेजारच्या पोरानं न सांगता गॅसचा सिलिंडर वर आणून दिला, कारण मे महिन्यात त्याच्या आजीला दवाखान्यात आम्ही नेलं होतं' असं लिहिलं की मनाला पुरावा मिळतो. घोकलेल्या वाक्याला मन खोटं म्हणतं, घडलेल्या गोष्टीला म्हणू शकत नाही.

हे पुराला लावून बघू. पावसाळ्यात माहिती बघायच्या वेळा दोनच ठरवाव्यात, सकाळी आणि संध्याकाळी, आणि आकडा जिल्हा प्रशासनाचाच बघावा. दर दहा मिनिटांनी ग्रुप चाळून पाण्याची पातळी बदलत नाही. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' या बातमीनं अनेकांचा थरकाप होतो, पण ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की बंद होतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणून 'दरवाजे उघडले' ही अर्धी बातमी. किती उघडले आणि राजाराम बंधाऱ्यावर आता किती फूट, हे मिळून पूर्ण बातमी.

मग आपल्या घराची खूण काढावी. २०१९ किंवा २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारलं तर कळतं. समजा ते ४७ फूट निघालं. मग जर-तर असे. ३९ ला कागदपत्रं, सातबारा, औषधं आणि मुलांची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर. ४१ ला धान्य, मिक्सर, गादी वर आणि गाडी उंच जागी. ४३ ला जनावरं ओळखीच्या गोठ्यात, म्हातारी माणसं आणि लहान मुलं नातेवाइकांकडं. ४४ ला वीज मुख्य बटणावरून बंद, आणि आपण बाहेर. आठवड्याची औषधं आणि पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवावं, कारण पुरात शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की नळ बंद पडतात, हे दोन्ही वेळा झालं आहे. महामार्गही शिरोलीजवळ बंद पडतो, म्हणून डायलिसिसचा रुग्ण किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्यांना रस्ता सुरू असतानाच हलवावं. ही यादी जूनमध्ये भिंतीवर लागली की जुलैतल्या रात्री मनाला जायला एक ठरलेली जागा मिळते. 'पाणी किती?' '४० फूट.' '४१ ला काय करायचं ते ठरलंय.' माणूस पुन्हा आडवा होतो.

लक्ष वळवायला शिकवा असं म्हणताना, कुणाच्या न्याय्य तक्रारीवर पांघरूण घाला असं आम्ही म्हणत नाही. काही काळज्या बरोबरच असतात आणि त्यांचं उत्तर दुसऱ्या कुणाकडं असतं. ऊस घातला आणि बिल निघालं नाही, अशा शेतकऱ्याला 'सकारात्मक राहा' म्हणणं हा त्याचा अपमान आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. या शेतकऱ्याच्या वहीत हाताशी असलेल्या रकान्यात 'सोमवारी साखर सहसंचालक कार्यालयात व्याजासह मागणीचा अर्ज, पोच घेणे' असं काम यायला हवं. कारखान्यातल्या यंत्राचं संरक्षक आवरण तुटलं असताना कामगारांना ताणमुक्तीचं व्याख्यान देणं हेही त्याच जातीचं. तिथं आधी आवरण बसवावं.

आणि काही काळजी आजाराची असते. सहा महिने, बहुतेक दिवस, थांबवता न येणारी काळजी, जोडीला अस्वस्थता, थकवा, एकाग्रता न होणं, चिडचिड, अंग आखडणं, झोप बिघडणं यातलं तीन किंवा जास्त असेल तर वहीवर न थांबता डॉक्टरांकडं जावं. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी आहे, २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तपासणी करून घ्यावी असा संकेत समजला जातो. थायरॉइड वाढलेलं असेल तरी अशीच धडधड होते, तेही बघून घ्यावं, आणि दिवसाला आठ कप चहा होत असेल तर तोही. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतो असं कुणी म्हणालं तर त्याला एकटं सोडू नये आणि वाट बघू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणं हा हक्क आहे, उपकार नाही.

काहींचा आक्षेप असतो, की इतकं वही-पेन कोण करणार, व्याख्यानानं निदान माणूस तासभर हसतो तरी. हसणं चांगलंच. पण त्याच पैशात आणि त्याच दीड तासात जास्त काही होऊ शकतं. दहावीच्या वर्गाला जानेवारीत चार तास द्यावेत. पहिल्या तासाला अस्वलाचा प्रयोग वर्गातच करून घ्यावा, पोरांना तो आवडतो आणि मुद्दा न सांगता कळतो. दुसऱ्याला वही आणि दोन रकाने. तिसऱ्याला श्वास आणि परीक्षेच्या दालनातले जर-तर: 'जर पहिला प्रश्न आला नाही, तर मी पान उलटून येणारा प्रश्न आधी सोडवीन.' चौथा तास दोन आठवड्यांनी, वह्या घेऊन, कुठं बिघडलं ते विचारायला. हा चौथा तास सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच वगळला जातो. पालकांनाही एकदा बोलवावं, कारण 'किती टक्के पडतील?' हा प्रश्न रोज चार वेळा घरातच विचारला जातो.

पूरपट्ट्यातल्या गावांत आणि पेठांत हेच काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावं, तालमीत किंवा मंडळाच्या हॉलमध्ये, आशाताई आणि ग्रामसेवकांना बरोबर घेऊन. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक घराची उंबऱ्याची खूण फुटांत काढायची. पुढच्या अर्ध्या तासात घरटी जर-तरची यादी लिहायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तालमीतली पोरं लिहून देतील. शेवटच्या अर्ध्या तासात ग्रुपसाठी एक नियम ठरवायचा: पाण्याचा आकडा दिवसातून दोनदा, एकाच ठरलेल्या माणसानं टाकायचा, बाकी कुणी पुराचा व्हिडिओ किंवा धरण फुटल्याची अफवा टाकली तर ती लगेच काढायची. त्या माणसाचं नाव आणि १४४१६ हा क्रमांक तालमीच्या फळ्यावर ऑक्टोबरपर्यंत लिहून ठेवायचा. पाणी ओसरल्यावर, चिखल काढून झाला की त्याच लोकांनी त्याच याद्या घेऊन पुन्हा एकदा जमायचं आणि कुठल्या घरात कुठलं काम राहून गेलं ते पुढच्या जूनसाठी यादीत भरायचं.